दीपमाळेच्या गावातल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे साधा फोन आहे आणि तोही बहुतेक वेळ फडताळात असतो. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. तुमचा नातू दिवसभर फोनमध्ये काय काय वाचत असतो, हेही एकदा ओसरीवर बसून वाचून दाखवेल. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, उलट वाचावंच. त्रिपुरी पौर्णिमेला तुमच्या गावात मी पेटलेल्या दीपमाळेचा आणि तिच्यामागच्या चंद्राचा फोटो काढला, तो ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांनी मला एकच विचारलं, "लेन्स कोणती?" लेन्स दोनशे मिलिमीटरची, पुण्यात कुठल्याही दुकानात मिळते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उभं कुठे राहायचं आणि किती वाजता, हे तुम्ही सांगितलंत. ते मात्र कुणीच विचारत नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतं, "नाव टाकू नगं, न्हाईतर पोरं तंबू ठोकत्यात." पवनेच्या काठाचं काय झालंय ते मी पाहिलंय, त्यामुळे तुमचं म्हणणं मला लगेच पटलं. भाटघरच्या फुगवट्यावरचं एक गाव, एवढंच पुरे. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर ब्रिटिशांच्या काळात बांधलेलं हे दगडी धरण. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावावरून लॉइड धरण म्हणत, जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. पाणी जातं नीरेच्या कालव्यांनी खाली, बारामती-फलटणकडे, आणि काठावरची गावं उन्हाळ्यात पाण्यासाठी उतार उतरत राहतात. हे तुमचंच वाक्य, मी फक्त शुद्ध मराठीत लिहिलं. पावसाळ्यात हे तळं भरतं आणि कार्तिकातही काठोकाठ असतं. वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ या दिवसांत पूर्ण पाण्याखाली असतं, थेट उन्हाळ्यात डोकं बाहेर काढतं. तुमच्या गावाचं देऊळ तेवढं उंचावर, म्हणून वाचलं. त्याच्यापुढची दीपमाळही वाचली.

मला तीच हवी होती. समुद्राकाठचं दीपगृह टिपायला लोक ताम्हिणी उतरून कोकणात जातात. मला पाण्याकाठची दगडी दीपमाळ हवी होती, पेटलेली, आणि मागे पूर्ण चंद्र. पुण्यात त्रिपुरीला पाताळेश्वरात पणत्या लागतात, सुरेखच दिसतं, पण तिथे दर पणतीमागे एक ट्रायपॉड असतो आणि प्रत्येक ट्रायपॉडमागे "जरा बाजूला व्हा" म्हणणारा एक जण. जेजुरीच्या दीपमाळा थोर, पण गर्दीही तितकीच थोर. म्हणून एकटीच निघाले. स्वारगेटहून भोरची एसटी, कात्रजचा बोगदा, कापूरहोळला चहा, भोरहून वडाप. प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की वडापमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी झेंडूची टोपली होती आणि उतरताना त्यातलं एक फूल मला मिळालं.

माझ्याकडे सूर्य-चंद्राचं ॲप होतं. चंद्र त्या दिवशी सूर्यास्ताच्या थोडा आधी उगवणार होता, दिशा पूर्वेच्या डावीकडे, म्हणजे ईशान्येकडे झुकलेली. कागदावर उत्तम. फोटोसाठी असाच दिवस लागतो. चंद्र वर आला तेव्हा आभाळात अजून निळा उजेड असला, तर चंद्राचा चेहराही दिसतो आणि पणत्यांची ज्योतही. आभाळ एकदा काळं झालं, की दोन्ही एका फोटोत बसत नाहीत. पणत्या नीट दिसाव्यात इतका प्रकाश कॅमेऱ्यात घेतला तर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका होतो. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकतही नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत अंधाराला सुरुवात. पण ॲपचं क्षितिज सपाट असतं, आणि भोरचं क्षितिज कुठेच सपाट नाही.

तुम्ही देवळाच्या ओट्यावर वाती वळत होतात. मी कट्ट्यावर ट्रायपॉड उघडला, पूर्वेकडे तोंड केलं, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हितनं चांद दिसायला जेवनाची येळ व्हईल."

मला तेव्हा वाटलं, तुम्ही मला हुसकावताय. मग तुम्ही हात करून समोरची डोंगराची सोंड दाखवलीत. देवळासमोरून ती इतकी जवळ आहे की चंद्राला तिच्यावर चढून यावं लागतं. नंतर मी हिशेब केला. डोंगर क्षितिजापासून पाच अंश जरी वर असला, तरी चंद्राला वीसेक मिनिटं जास्त लागतात. म्हणजे नेमका तेवढाच वेळ, जेवढा निळा उजेड टिकतो. "आमच्या खाचरात जा," तुम्ही म्हणालात, "पान्याच्या पल्याड. तितनं खिंडीतनं निगतो."

हे तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं. भोचकपणाच होता, पण उत्तर ऐकून मी खाली बसले. कोजागरीला भात पोटरीतून बाहेर आलेलं, दाणा भरलेला, आणि रानडुकरं उतरतात. तुम्ही आणि मामा त्या खाचरातल्या माळ्यावर रात्र रात्र डबा वाजवत बसायचात. चंद्र खिंडीतून निघाला की डुकरं लांबून दिसायची, म्हणून तुम्ही त्याची वाट पाहायचात. "कोजागरीला खिंडीच्या उजव्या कडंला असतोय, त्रिपुरीला अंमळ डावीकडं सरकतो." अगदी बरोबर. सूर्य दक्षिणेकडे सरकतो तशी पौर्णिमेच्या चंद्राची उगवण उत्तरेकडे जाते. शाळेत भूगोलाच्या तासाला हे शिकले असेन, पण खिंडीची कुठली कड, हे भूगोलाच्या पुस्तकात नसतं.

खाचरात मी लगेच निघाले नाही, कारण तुम्ही निघू दिलं नाहीत. "इतक्या लवकर जाऊन काय करशील, बस. वाती वळ." मग मी वाती वळल्या. पहिल्या काही तुम्ही उलगडून परत वळायला लावल्यात, "सैल वात तेल लई पिती आन् धूर करती." तुमच्या मांडीवर ती साडेसातशे पदरांची त्रिपुरवात होती. तिला मी हात लावायचा प्रश्नच नव्हता. पणत्या रात्रभर पाण्यात घालून ठेवल्या होत्या, कोऱ्या मातीने तेल शोषू नये म्हणून. माझी आईही असंच करायची, मीच सोडून दिलं होतं. त्या तासाभरात पुण्याहून आलेली बाई कोण, हे विचारून गेलेल्या प्रत्येकाला तुम्ही एकच सांगितलंत, "वाती वळायला आलीया." त्यानंतर माझ्या कॅमेऱ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. एकट्या बाईला अनोळखी गावात संध्याकाळी उघडपणे वावरता येणं, ही सोय कुठल्याही बॅगेत भरून नेता येत नाही. ती तुम्ही मला एका वाक्यात दिलीत.

मग तुम्ही नातवाला बरोबर दिलंत. पाण्याचा एक फाटा गावाच्या अंगाने आत घुसलाय, त्याला वळसा घालून आम्ही पलीकडे गेलो. कापणी झालेलं खाचर, पायाला टोचणारी धसकटं, बांधावर इंद्रायणी भाताची उडवी. समोर पाणी, पाण्यापलीकडे दीपमाळ, आणि तिच्या बरोब्बर मागे खिंड. तुम्ही सांगितलेल्या आंब्यापासून मी चार पावलं डावीकडे सरकले, तेवढाच माझा हातभार. इथून दीपमाळ लांब होती, आणि लांब असणंच कामाचं होतं. आभाळात चंद्राची रुंदी नेहमी अर्धा अंशच. तुम्ही देवळाजवळ उभ्या असाल तर दीपमाळ अवाढव्य आणि चंद्र तिच्यापुढे शेंगदाण्याएवढा. दीडशे मीटर मागे गेलं, की दीपमाळ लहान होते, चंद्र तेवढाच राहतो, आणि तिच्या जवळजवळ पाव उंचीचा दिसतो. लोक विचारतात, "चंद्र नंतर मोठा केला का?" नाही. मावशींच्या खाचरात उभी होते.

वाऱ्याचंही तुम्हीच सांगितलं होतं. दुपारभर तळ्यावरून वारं सुटलेलं, पाण्यावर सगळीकडे सुरकुत्या, आणि पोरं दीपमाळेखाली नुसती उभी. मी नातवाला म्हटलं, उशीर होतोय. तो म्हणाला, "आजी म्हनली, वारं पडल्याबिगर वर चढायचं न्हाई." दिवसा जमीन तापते म्हणून वारा पाण्याकडून येतो, रात्री जमीन निवते म्हणून उलटा वाहतो, आणि मधे थोडा वेळ दोन्ही थांबतात. तो थोडा वेळ तुमच्या गावात सूर्य डोंगराआड गेल्यावर येतो. पाणी सपाट झालं. पोरं दीपमाळेच्या दगडी हातांवर पाय देत चढली. वरची ओळ आधी, मग एकेक खाली. खालून लावत गेलं तर उतरताना ज्योतींतून उतरावं लागेल, हे तिथे पाहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आलं नसतं. शंकराने त्रिपुरासुराची तीन नगरं जाळली त्याचा हा उत्सव. सगळ्यात वरची पणती लावणारा पोरगा शेंड्यावर एका हाताने लोंबकळत खाली कुणाला तरी शिव्या देत होता, तेही फोटोत आहे. आवाज नाही, हे देवाच्या दृष्टीने बरं.

चंद्र खिंडीच्या डाव्या कडेने आला. तुम्ही म्हणालात तिथूनच.

कॅमेऱ्याचं ज्यांना हवं त्यांच्यासाठी: कॅमेरा ट्रायपॉडवर होता, एवढंच. ज्योती जराशा हलल्यात, चंद्र नाही. पाण्यात दुसरी दीपमाळ उलटी उतरलीय, ती खऱ्या दीपमाळेपेक्षा थोडी अंधारी, आणि मला तीच जास्त आवडते. एक तक्रार मात्र आहे. गावात कुणीतरी देवळाच्या शिखरावर एलईडीची हिरवी-निळी माळ सोडली होती. तुम्ही निरोप पाठवून तेवढ्या वेळापुरती बंद करवलीत, हे मला नातवाकडून मागाहून कळलं. मी तशी विनंती केली नसती, दुसऱ्याच्या देवाच्या सणात फोटोवाल्यांनी हुकूम सोडू नयेत असं माझं मत आहे. पण तुम्हालाच ती माळ आवडत नव्हती म्हणे, आणि मी निमित्त झाले. तसं असेल तर ठीक.

नंतरचं थोडक्यात. भोरला जाणारं वडाप केव्हाच गेलं होतं. तुम्ही गरम भात, पिठलं आणि लसणाची चटणी वाढलीत आणि जेवण होईपर्यंत पुढच्या प्रवासाबद्दल एक शब्द बोलू दिला नाहीत. मग दुधाचा टेम्पो आला. त्या दादांना तुम्ही सांगितलंत, "हिला कापूरव्हळला पुन्याच्या गाडीत बसवून मगच हल." त्यांनी शब्दशः तसंच केलं. गाडी येईपर्यंत टेम्पो उभा, आणि मागे दुधाचे कॅन. त्यांनाही या पत्रातून मनापासून धन्यवाद. पैसे त्यांनी घेतले नाहीत, ते मला आवडलं नाही. पुढच्या वेळी घ्यावेत.

आता कामाचं. फोटोचे दोन मोठे प्रिंट काढलेत. एक तुमच्यासाठी. त्यात उजव्या कोपऱ्यात तुमच्या आंब्याची फांदी मुद्दाम ठेवलीय. दुसरा देवळासाठी, पण गुरवांना आधी विचारा. शिवीगाळ करणारं पोरगं शेंड्यावर स्पष्ट ओळखू येतंय आणि त्याच्या आईचं काय म्हणणं पडेल ते माहीत नाही. प्रिंट ओले होऊ नयेत म्हणून जाड पुठ्ठ्याच्या नळीत घातलेत. नळी टेम्पोवाल्या दादांकडे कापूरहोळला पोहोचेल अशी व्यवस्था केलीय. सोबत सरकी काढलेला कापूस आहे, तुम्ही म्हणाला होतात की बाजारात हल्ली नीट मिळत नाही. तुळशीबागेत अजून मिळतो.

मामांना नमस्कार. नातवाला सांगा, त्याने धसकटांतून पळत जाऊन मला बॅटरी आणून दिली, त्याचा वेगळा फोटो नळीतच आहे.

तुमची,
वाती वळायला आलेली, धायरीची