‘सगळं ठीक’ला उत्तर

धरमपेठ, नागपूर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

नवतपा सुरू झाला. कूलरच्या ताट्या बदलल्या, तरी दुपारी घरात बसवत नाही. तुझे निरोप येतात, पण सगळे एकाच साच्यातले: ‘मी ठीक आहे, काळजी नको, नेट जातंय.’ अगं, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्या शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचायचा. तरी काही पठ्ठे हिंदी फौजेला काळी मिरी, गोऱ्या फौजेला लाल मिरची म्हणून हवं ते घरी कळवायचे. तुझ्यावर कोणता साहेब बसलाय?

एप्रिल 2023 मध्ये सुदानात खार्तुमला लढाई पेटली आणि माणसं सीमा ओलांडून दक्षिण सुदानातल्या तुमच्या रेंकला येऊ लागली, एवढं मला बातम्यांतून कळतं. ट्रकमधून उतरलेली बाई आधी काय मागते? पाणी, पोराचं औषध, की कुणाला तरी लावायला फोन? ते तूच सांगायचं. आणि तू तिथे रात्री काय खाऊन राहिली आहेस, तेही.

परवा मावशीनं पुन्हा विचारलंच, ‘पोरीला जाऊ कशी दिलीस?’ मी इतिहासाची मास्तरीण. 1938 साली जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे तिला ऐकवलं. तिला फक्त कोटणीस माहीत! सोलापूरचे कोटणीस 1942 च्या डिसेंबरात तिकडेच वारले, जेमतेम बत्तीस वर्षांचे. चोळकर 1939 मध्ये घरी परतले, म्हणून त्यांचं नाव इथंही फारसं कुणी काढत नाही. मला बाई चोळकर आवडतात. तुझा करार संपला की मुकाट्यानं विमानात बस.

कोटणिसांचे वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्ये असताना कळली. तरी ते परतले नाहीत, पुढे येनानला गेले. त्यांच्या घरच्यांनी ती कळवली, हे मला बरोबर वाटतं. म्हणून सांगते, इथलं काही आम्ही तुझ्यापासून लपवणार नाही. बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. शुगर थोडी वाढली होती, आता आटोक्यात आहे. तर्री-पोहे बंद केल्यामुळे माझ्यावर रुसून बसलेत. यावर तू यायची काही गरज नाही. पण तुला ताप आला, भीती वाटली, एखादं मूल हातातून गेलं, तर तेही असंच सरळ कळव. मी रडेन, मग स्वयंपाकाला लागेन.

हे पत्र तिकडे निघालेल्या डॉक्टरांबरोबर देते आहे. सोबत सांडगी मिरची आहे. तळताना खिडकी उघडी ठेव, नाहीतर अख्खा तंबू ठसकेल. उत्तर कागदावर लिही आणि त्याचा फोटो पाठव. निदान दोन पानं.

तुझी,
आई