'आहे' नाही, 'असला'

मा. संपादक,
नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बालकवींच्या 'औदुंबर'चं रसग्रहण आलं ते वाचलं, म्हणजे वडिलांना वाचून दाखवलं. त्यांची नजर काचबिंदूने गेलीय, त्यामुळे रोज सकाळी चहाबरोबर मी त्यांना पेपर वाचून दाखवते. शेवटची ओळ तुम्ही छापलीय तशीच वाचली, 'पाय टाकुनी जळात बसला आहे औदुंबर', तर बाबा म्हणाले, 'असला. परत वाच.' मी परत तेच वाचलं, समोर तेच होतं ना. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि आठही ओळी स्वतः म्हटल्या, कुठेही न अडखळता. शाळेत पाठ केलेली कविता, आज वय चौऱ्याऐंशी. आणि मी पदवीला मराठी घेतलेली, मला चूक कळली नाही याची लाज वाटली, राग नंतर आला.

चूक कशी निसटली असेल ते समजतं. 'आहे'च्या मात्रा चार, 'असला'च्याही चारच, त्यामुळे म्हणताना ओळ अडत नाही. पण 'बसला'ला लागून 'असला' आला की ओळ पाण्यासारखी हलकेच हलते, ते गेलं. आणि 'असला' म्हणजे असा, हा झरा, ही पायवाट, हा काळा डोह, या सगळ्यात बसलेला. वरच्या सात ओळी त्या एका शब्दात झाडापाशी येतात. 'आहे' म्हटलं की नुसती माहिती उरते हो.

बालकवी १९१८ मध्ये रेल्वे अपघातात गेले, जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. लेखकाने ते आठवून सगळ्या कवितेवर मृत्यूची छाया पसरवलीय. मग काळिमा 'गोड' का म्हटलाय? त्या शब्दावर अख्ख्या लेखात एक वाक्य नाही. नादाबद्दलही 'नादमधुर शब्दकळा' एवढंच, असं तर दहावीच्या गाइडातही असतं. जरा कान देऊन ऐका, आठ ओळींत 'ळ' नऊ वेळा येतो, हिरवाळी, निळासावळा असं करत करत, आणि त्यातले चार शेवटच्या दोन ओळींत, झाकळुनी, जळ, काळिमा, परत जळात. अंधार तिथे कानाला आधी कळतो, आणि तो भीतीचा नाहीये, दाट सावलीत बसल्यावर वाटतं तसा आहे.

अजून एक, ओळी तिरप्या रेघा मारून सलग का छापल्या? प्रत्येक ओळीत सोळा मात्रांनंतर श्वास घ्यायला जागा आहे, दोन दोन ओळींचं यमक आहे, ते डोळ्यांना दिसलंच नाही. शेजारी फ्लॅटच्या जाहिरातीला अर्धं पान मिळालं, कवितेला आठ ओळींची जागा मिळाली नाही.

कृपया येत्या रविवारी 'औदुंबर' नीट छापा, आठ ओळी आठ ओळींत. बाबा सकाळपासून दोनदा विचारून झालेत, पत्र पाठवलंस का म्हणून.

एक वाचक,
नारायण पेठ, पुणे