पिट्सबर्गहून आई-बाबांना: नव्या कामाविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर महत्त्वाचे काही सांगू लागले की बाबा ‘बरं, बरं’ म्हणत विषय आवरता घेतात आणि आई गप्प होते. नंतर दोन दिवस दोघेही जेवताना त्याच गोष्टीचा विचार करत बसता, हे मला ठाऊक आहे. म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे. हे पत्र बाबांनी मोठ्याने वाचावे आणि आईने मध्ये उठून गॅसपाशी जाऊ नये.

विमा कंपनीतली नोकरी मी सोडली आहे. नवे काम येथल्याच एका ग्रंथालयात आहे. कृष्णवर्णीयांसाठी निघणाऱ्या जुन्या वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्ममधून १९२० ते १९४८ या काळातल्या बेसबॉल सामन्यांचे बॉक्स स्कोअर, म्हणजे धावफलक, शोधायचे, तपासायचे आणि संगणकावर नोंदवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. कागदांवर सह्या होऊन गेल्या आहेत. तुम्हाला आधी विचारले नाही, कारण विचारले असते तर तुम्ही ‘तुला योग्य वाटेल ते कर’ असेच म्हटले असते आणि रात्रभर जागला असता.

आता आईच्या मनात जे प्रश्न आले असतील त्यांची उत्तरे आधी देते. पगार कमी आहे, पण घर तेच आहे, आरोग्यविमा आहे आणि ग्रीन कार्ड हातात आल्यापासून नोकरी बदलायला मला कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. घरी येणाऱ्या पैशांत एका रुपयाचाही फरक पडणार नाही, ती व्यवस्था मी वेगळ्या खात्यातून केली आहे. काम उबदार इमारतीत बसून करायचे आहे. रात्रीच्या बैठका बंद झाल्यामुळे संध्याकाळी ताजी पोळी-भाजी करता येईल. पेन हिल्सच्या टेकडीवरचे बालाजीचे देऊळ पूर्वीइतकेच जवळ आहे. तू दिलेले मेतकूट अजून पुरते आहे, आई, आणि मी जेवते, खरोखर जेवते.

बाबा, तुमचा प्रश्न वेगळा असेल. एवढे शिकून मुलगी दुसऱ्यांच्या खेळाचे जुने आकडे का मोजत बसणार आहे, असे तुम्ही मनात म्हणाल. पण सगळे कोल्हापूर पेठापेठांच्या फुटबॉलमागे धावत असताना लांब वहीवर रेघा आखून क्रिकेटचे स्कोअर लिहिणारा मनुष्य आमच्या घरात होता. मी तुमच्या मांडीवर बसून त्या वहीत मेडन षटकांच्या टिंबांना जोडून इंग्रजी एम काढत असे. मला अंकगणित तिथे आले, शाळेत नव्हे. आणि दुसऱ्यांचा खेळ म्हणाल, तर ज्या माणसाने बेसबॉलला बॉक्स स्कोअर दिला तो हेन्री चॅडविक इंग्लंडमधल्या एक्झिटर गावी १८२४ साली जन्मलेला, लहानपणी ब्रुकलिनला आलेला आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तांत लिहिणारा पत्रकार होता. क्रिकेटचा धावफलक समोर ठेवूनच त्याने १८५९ मध्ये बेसबॉलचा तक्ता तयार केला. चॅडविकचे एक मत मात्र मला पटत नाही. पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, फुकट जायला मिळते, त्याचे श्रेय फलंदाजाचे नाही असे त्याने मानले. त्यामुळे संयम राखून चेंडू सोडणाऱ्या खेळाडूंची किंमत पुढे कित्येक दशके सरासरीत, म्हणजे फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा फटका मारून बेस गाठला (त्याला हिट म्हणतात) त्या प्रमाणात, दिसलीच नाही. १८८७ या एकाच हंगामात असा फुकटचा बेस हिट म्हणून मोजला गेला, आणि पुढच्या वर्षी तो नियम काढून टाकला.

या तक्त्यातली एक गोष्ट तुम्हाला फार आवडेल. फलंदाजीला आलेल्या प्रत्येक माणसाचे शेवटी तीनच गतींपैकी काहीतरी होते: तो धाव पूर्ण करतो, बाद होतो किंवा डाव संपताना बेसवरच अडकून राहतो. म्हणून एका संघाचे फलंदाज एकूण किती वेळा आले ती बेरीज त्या संघाच्या धावा, अडकून राहिलेले खेळाडू आणि प्रतिपक्षाने घेतलेले बळी यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. ती आली नाही तर नोंद करणाऱ्याने, छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्याने किंवा मी कुठेतरी चूक केलेली असते, आणि ती सापडेपर्यंत उठायचे नाही. मिरजेच्या शाखेत चार पैशांच्या फरकासाठी तुम्ही रात्री साडेनऊपर्यंत खातेवही धरून बसला होता आणि आई दारात उभी होती, तो ताळा आणि हा ताळा एकच आहे.

असे फरक मोठमोठ्या नावांतही निघाले आहेत. टाय कॉब या थोर फलंदाजाच्या ४१९१ हिट सर्वांना पाठ होत्या, पण १९१० मधल्या एका सामन्याची नोंद दोनदा झाल्यामुळे त्यातल्या दोन जादा आहेत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. १९८१ मध्ये बेसबॉलच्या तेव्हाच्या आयुक्तांनी तो बदल मान्य करायला नकार दिला. उलट हॅक विल्सनच्या फटक्यांमुळे १९३० च्या हंगामात पूर्ण झालेल्या धावा १९० नसून १९१ आहेत, हे १९९९ मध्ये अधिकृतपणे मान्य झाले, कारण त्यातली एक धाव सहकाऱ्याच्या नावावर पडली होती. एका धावेसाठी एकोणसत्तर वर्षे लागली, पण ती ज्याची होती त्याच्या नावावर गेली.

मी ज्या सामन्यांचे काम करणार आहे, त्यांचे दुःख मात्र एका धावेपुरते नाही. विसाव्या शतकात १९४७ पर्यंत अमेरिकेच्या मुख्य संघांत कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश नव्हता. त्यांनी आपली वेगळी लीग उभारली. रूब फॉस्टरच्या पुढाकाराने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग सुरू झाली आणि पुढे आणखी लीग आल्या. आमच्या या पिट्सबर्गमध्ये क्रॉफर्ड्स होते, आणि नदीपलीकडच्या पोलादाच्या गावात होमस्टेड ग्रेज. जॉश गिब्सन दोन्ही संघांकडून खेळला. तो कॅचर होता, म्हणजे यष्टिरक्षकासारखा सबंध सामना उकिडवा बसणारा, आणि तरीही त्याच्यासारखा फटका दुसऱ्या कोणाचा नव्हता असे पाहणारे सांगत. २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो येथेच गेला. त्याच वर्षी १५ एप्रिलला कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मुख्य संघाकडून मैदानात उतरला आणि बंद दार उघडले. गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता.

या लीगना मुख्य दर्जा द्यायचा, असे मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे मुख्य संघांच्या संघटनेने, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिळवले. तेवीसशेहून अधिक खेळाडूंची नावे एका दिवसात त्या नोंदीत आली. गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .३७२ ठरली आणि तो कॉबच्या .३६७ च्या पुढे गेला. १९४३ ची त्याची .४६६ ही एका हंगामातली सर्वोच्च सरासरी ठरली. या लीगमध्ये खेळलेले विली मेज तेव्हा हयात होते, त्रेण्णव वर्षांचे. १९४८ मधल्या त्यांच्या दहा हिट मिळून त्यांचा आकडा ३२८३ वरून ३२९३ झाला, आणि पुढच्याच महिन्यात ते गेले.

तुम्ही लगेच म्हणाल की थोड्या सामन्यांवरची सरासरी फुगते. बरोबर आहे, आणि मीही हेच म्हणते. त्यांचे लीगचे हंगाम लहान असत, आणि पोटासाठी गावोगाव हिंडून खेळलेले शेकडो सामने या हिशेबात धरलेले नाहीत. परंतु २०२० च्या साथीत मेजर लीगनेही केवळ ६० सामन्यांचा हंगाम खेळून तो पूर्ण धरला, तेव्हा लहान हंगामाचा आक्षेप एकालाच लावता येत नाही. .३७२ हा शेवटचा आकडा आहे असे मी समजत नाही. आणखी तक्ते सापडले तर तो बदलेल, कदाचित खालीही जाईल, आणि तो खाली गेला तरी मला तितकेच समाधान वाटेल.

प्रत्यक्ष काम कसे असते तेही सांगते, कारण मी अंधारात डोळे फोडत बसते अशी आईची समजूत होऊ नये. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ हे साप्ताहिक होते, त्यामुळे आठवड्याभराचे सामने थोड्या जागेत कोंबलेले असतात. फिल्म पडद्यावर पुढे सरकवत गेले की साबणाच्या किंवा विम्याच्या जाहिरातीशेजारी बोटभर रुंदीचा तक्ता दिसतो. त्यात खेळाडूचे केवळ आडनाव असते. तीन आणि आठ यांतला फरक शाईने पुसलेला असतो. काही तक्त्यांत तर तो किती वेळा फलंदाजीला आला, हा रकानाच नसतो, आणि त्या रकान्यावाचून सरासरी निघत नाही. मग त्याच सामन्याचा दुसऱ्या शहरातल्या वृत्तपत्रातला तक्ता शोधायचा, दोन्ही बातम्यांशी ताडून पाहायचे आणि जमले नाही तर तसे स्पष्ट लिहून ठेवायचे. स्वयंसेवी मदत म्हणून सुट्टीच्या दिवशी मी हे आधीपासूनच करत होते. त्या दिवशी मला भूक लागल्याचे कळत नसे आणि कंपनीतल्या कामाच्या दिवशी अकरा वाजल्यापासून घड्याळ दिसे, यावरून काय ते समजा.

बाबा, पालवणकर बाळूंची गोष्ट तुम्हीच मला सांगितली आहे. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखता राखता ते गोलंदाज झाले, संघाला जिंकून देऊनही चहा मात्र त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही आणि ते पुढे त्यांच्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज चढत असे. आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचे ४४३ ही तसेच. १९४८ साली पुण्यात ब्रॅडमनच्या ४५२ ला केवळ नऊ धावा कमी असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला, याचा राग तुम्ही अजून धरून आहात. ज्या घरात नऊ धावांचा राग इतकी वर्षे टिकतो, त्या घरातल्या मुलीने हे काम घेतले तर नवल काय?

आई, तुझ्यासाठी एक वेगळी बाई. एफा मॅनली ही नेवार्क ईगल्स या संघाची सहमालकीण होती आणि हिशेब तीच पाहत असे. गोऱ्यांचे संघ तिचे खेळाडू फुकट उचलून नेऊ लागले तेव्हा तिने उघड भांडण मांडले आणि लॅरी डोबीसाठी १५ हजार डॉलर वसूल केले. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये ती एकमेव स्त्री आहे. तुझी आणि तिची गाठ पडली असती तर दोघींचे चांगले जमले असते. आणि आकड्यांवर पोट भरते का, असे माईआत्या विचारतीलच, तर त्यांना सांग की बेसबॉलच्या आकड्यांच्या शास्त्राला नाव मिळवून देणारा बिल जेम्स कॅन्ससमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. तेथेच बसून त्याने आकडे मांडले, १९७७ मध्ये स्वतःच्या पैशाने पुस्तक छापले आणि पुढे बॉस्टनच्या संघाने त्याला सल्लागार म्हणून नेमले. त्या संघाने २००४ मध्ये शहाऐंशी वर्षांनी विजेतेपद मिळवले. ते त्याच्यामुळेच मिळाले असे मी म्हणणार नाही, आणि आत्यांनाही म्हणू देऊ नकोस.

आता जे लिहायला मी इतका वेळ लावला ते लिहिते. पुढच्या वर्षी कायमचे परत येण्याचे आपले जे बोलणे झाले होते, ते पुढे जाईल. किती पुढे, हे आज सांगत नाही, कारण दादाच्या वेळी तारीख सांगून काय झाले ते आपण पाहिले आहे. येणे रद्द झालेले नाही. डिसेंबरमध्ये मी नेहमीप्रमाणे येणार आहे आणि या कामात रजा पूर्वीपेक्षा जास्त मिळते, त्यामुळे या वेळी जास्त दिवस राहीन. तात्यांची खोली भाड्याने देऊ नका. ती माझ्यासाठीच ठेवा.

तोपर्यंत काही गोष्टी निमूटपणे करायच्या आहेत. न्हाणीघरात धरायचे दांडे बसवून घ्या. मिस्त्रीला मी पैसे पाठवले आहेत, तेव्हा ‘कशाला खर्च’ हे ऐकणार नाही. बाबांनी दुधाच्या निमित्ताने स्कूटर काढायची नाही, दूध घरपोच येते. रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून टाळायची नाही. आईने साखर इतकी वर गेलेली असताना एकादशीला साबुदाण्याची खिचडी खायची नाही, विठोबा भगरीवरही प्रसन्न होतो. गुडघ्यांचे व्यायाम टीव्हीसमोर बसून केले तरी चालतील, पण रोज करावेत. स्वयंपाकाच्या मावशींना काढून टाकण्याचा विचार पुन्हा बोलून दाखवू नका.

आणि बाबा, तुम्हाला मी एक तक्ता पाठवणार आहे, ज्याचा ताळा काही केल्या एकाने जुळत नाही. तो तुमच्या नजरेखालून जावा अशी माझी फार इच्छा आहे. मात्र डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख डॉक्टरांकडून घेऊन तिचा कागद आईने मला फोटो काढून दाखवल्याशिवाय मी तो पाठवणार नाही.

तुमची,
शुभा

ता. क. : माईआत्यांना नोकरीचे इतक्यात सांगू नका. डिसेंबरमध्ये मी स्वतः जाऊन सांगेन.