पावसाआधी वळचण तपासून घ्या

सभासदांनो, मृग तोंडावर आला आहे. कौलं चाळायला माणूस लावाल तेव्हा त्याला वळचणीचे वासेही बघायला सांगा. आमच्याकडे गेल्या वर्षी झालरीची फळी (वाशांच्या टोकांवर ठोकतात ती) वरून रंगाने चकचकीत होती. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला आणि ओला भुगा निघाला.

हे काम वाळवीचं नव्हे, बुरशीचं. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. पाणी सर्वात जास्त शोषतं ते वाशाच्या कापलेल्या टोकातून. पन्हळीत आंब्या-फणसाचा पाला तुंबला की पाणी मागे फिरून तिथेच मुरतं. म्हणून आधी पन्हळ साफ करा. शेवटचं कौल फळीच्या पुढे आलेलं हवं, म्हणजे पागोळ्या लाकडावर पडत नाहीत.

टोकांना डिंबेल (काजूच्या टरफलांचं तेल) लावा, पण लाकूड खडखडीत वाळल्यावरच. नाहीतर ओल आत कोंडते. हातमोजे विसरू नका, डिंबेलने कातडी सोलते. मऊ पडलेल्या भागात पुट्टी भरून वेळ मारून नेऊ नका, तुकडा बदला.

शिडी मंडळाच्या शेडमध्ये आहे. नेताना वहीत नाव लिहा. मागच्या वेळी आठवडाभर ती कुणाच्या परसात होती, देव जाणे.