लवकरच्या प्रवेशअर्जाच्या अटी पालकांना आधी कळायला हव्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील निवडक विद्यापीठे डिसेंबरच्या मध्यावर आपल्या लवकरच्या फेरीचे, म्हणजे नियमित मुदतीच्या आधीच अर्ज केलेल्यांचे, निकाल जाहीर करतात आणि त्यानंतर यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे व मुलाखती आपल्याकडच्या वृत्तपत्रांत येऊ लागतात. त्या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र ज्या अर्जातून हे यश मिळते त्याच्या अटी कोणत्या असतात आणि त्या मध्यमवर्गीय मराठी घराला कोठे अडचणीत आणतात, याविषयी मराठीत फारसे छापून येत नाही. माझी मुलगी सध्या अशाच एका निकालाची वाट पाहत आहे, त्यामुळे ही उणीव मला तीव्रतेने जाणवली आणि हे पत्र लिहावेसे वाटले.

लवकरच्या अर्जाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. त्यातील ‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक असतो. प्रवेश मिळाला तर याच विद्यापीठात जाईन आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेईन, अशी हमी विद्यार्थ्याला द्यावी लागते आणि तिच्यावर विद्यार्थ्याबरोबरच पालकांची व शाळेच्या काउन्सेलरची सही असते. ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये निकाल लवकर कळतो, पण १ मेपर्यंत विचार करण्याची मोकळीक राहते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची पद्धत या दुसऱ्या प्रकारातली असली, तरी त्यांच्याकडे अर्ज करणाऱ्याला त्याच फेरीत अन्य खासगी विद्यापीठात लवकरचा अर्ज सहसा करता येत नाही. बहुतेक ठिकाणी अर्जाची मुदत १ नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे संपते.

अकरावीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथेच प्रवेश घ्यावा लागतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे आणि म्हणूनच बंधनकारक पसंतीची कल्पना पालकांना परकी वाटत नाही. पण अकरावीचा पसंतीक्रम भरताना त्या महाविद्यालयाचे शुल्क आपल्याला माहीत असते. अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठात राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च आज ९० हजार डॉलरच्या, म्हणजे ऐंशी लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो आणि त्यातील किती भार विद्यापीठ उचलणार, हे प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत कळत नाही. अर्ली डिसिजनच्या कागदावर सही करणारे पालक आपल्याला नेमके किती पैसे भरावे लागतील हे न कळताच शब्द देऊन बसतात.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही अडचण आणखी गुंतागुंतीची होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन अशी मोजकी विद्यापीठे व महाविद्यालये परदेशी अर्जदाराची आर्थिक स्थिती प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेत नाहीत आणि निवड झाल्यास कागदपत्रांवरून ठरलेली त्याची आर्थिक गरज पूर्ण भागवतात. इतर बहुसंख्य ठिकाणी मदत मागितली आहे की नाही, ही गोष्ट निवडीच्या वेळीच पाहिली जाते. मदत मागावी तर संधी घटते आणि न मागावी तर, अनेक विद्यापीठांच्या नियमानुसार, परदेशी विद्यार्थ्याला पुढील चार वर्षांत ती मागता येत नाही. मिळालेली मदत अपुरी पडल्यास बंधनातून मोकळे होण्याची तरतूद अर्ली डिसिजनमध्ये आहे, हे खरे. पण ती तरतूद ज्याने आधी मदत मागितली त्याच्याच उपयोगाची आहे. शिवाय डिसेंबरच्या मध्यावर मोकळे झालेल्या मुलापाशी नियमित फेरीच्या अर्जांसाठी जेमतेम दोन आठवडे उरतात, कारण त्या फेरीची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपू लागते.

हे सारे आम्हाला कुणी समजावून सांगितले नव्हते. उन्हाळ्यात आम्ही ज्या सल्लागाराकडे गेलो होतो त्याने अर्ली डिसिजनमुळे शक्यता दुप्पट होते असे सांगितले आणि आर्थिक मदत नको असे लिहा, पुढचे पुढे पाहू, असा सल्ला दिला. फी घेऊन मार्गदर्शन करणाऱ्या माणसाने एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत ‘पुढचे पुढे’ या दोन शब्दांवर सोडून द्यावी, याचा मला आजही संताप येतो. आम्ही तो सल्ला मानला नाही. मुलीने बंधनकारक नसलेला अर्ज केला आणि मदतही मागितली.

शक्यता दुप्पट होते हे म्हणणेही तपासून घ्यायला हवे. २०२८ साली पदवीधर होणाऱ्या तुकडीसाठी हार्वर्डने लवकरच्या फेरीतील ७,९२१ अर्जांतून ६९२ जणांना, म्हणजे सुमारे ८.७ टक्के अर्जदारांना निवडले, तर दोन्ही फेऱ्या मिळून ते प्रमाण ३.६ टक्क्यांच्या आसपास होते. हार्वर्डची फेरी बंधनकारक नसली, तरी हे आकडे पाहिले की सल्लागाराचे म्हणणे पटते. परंतु विद्यापीठाच्या संघासाठी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले मोठ्या संख्येने याच फेरीत असतात, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्याने केवळ दोन महिने आधी अर्ज केला म्हणून त्याची संधी त्याच प्रमाणात वाढते असे मानता येत नाही. या पद्धतीवर खुद्द अमेरिकेतही आक्षेप घेतले गेले आहेत. २००६ साली हार्वर्डचे हंगामी अध्यक्ष डेरेक बॉक यांनी, लवकरची फेरी आधीच सुस्थितीत असलेल्यांना अधिक फायदा मिळवून देते, असे सांगून ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला होता आणि प्रिन्स्टननेही तेच केले. इतर विद्यापीठे मात्र त्यांच्या मागे फारशी गेली नाहीत, आणि २०११ मध्ये दोघांनीही ती फेरी पुन्हा सुरू केल्याचे जाहीर केले.

आता प्रतीक्षेविषयी, कारण या दिवसांत अनेक घरांत तीच चालू आहे. लवकरच्या फेरीचे उत्तर तीन प्रकारचे असू शकते: प्रवेश, नकार, किंवा ‘डिफर’, म्हणजे अर्ज नियमित फेरीत ढकलून मार्चअखेरीस पुन्हा विचारात घेणे. काही विद्यापीठे बऱ्याच अर्जदारांना डिफर करतात, तर स्टॅनफर्डसारखी विद्यापीठे फार थोड्यांना. डिफर झालेल्या मुलाला घरच्यांनी नापास झाल्यासारखे वागवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याचा अर्ज अजून जिवंत असतो आणि बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण, तसेच आपली इच्छा अजून कायम असल्याचे सांगणारे छोटे पत्र, त्याला पाठवता येते. हे गुण डिसेंबर-जानेवारीतील सत्र किंवा पूर्वपरीक्षेतून येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलांचे लक्ष विद्यापीठाच्या पोर्टलकडे लागलेले असते. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सात वाजता लागणारा निकाल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दिसतो आणि त्याच दिवशी अकरा वाजता मूल पूर्वपरीक्षेचा पेपर लिहायला बसलेले असू शकते. शाळांनी आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी निदान या मुलांची यादी वर्गशिक्षकांना देऊन ठेवावी, म्हणजे त्या सकाळी त्यांच्याशी समजुतीने बोलता येईल. नातेवाइकांनाही सांगावेसे वाटते की, निकाल लागला का, हा फोन आपुलकीने केलेला असला तरी दर चार दिवसांनी आला की मूल तो घेणे टाळू लागते. माझ्या मुलीला सध्या उरलेल्या विद्यापीठांचे निबंध लिहायचे आहेत. होकार आलाच तर ते कदाचित वाया जातील हे तिला माहीत आहे, तरीही ते आत्ताच लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण नकाराच्या आठवड्यात चांगला निबंध लिहिणे भल्याभल्यांना जमत नाही.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीला माझी एक विनंती आहे. यशस्वी विद्यार्थ्यांच्या मुलाखती जरूर छापाव्यात, पण त्यांना शिष्यवृत्तीचा आकडा विचाराल तेव्हा अर्ज बंधनकारक होता का आणि आर्थिक मदत कोणत्या टप्प्यावर मागितली होती, हेही विचारावे. आणि अर्जांचे प्रकार, मदतीचे नियम व मुदती यांची सविस्तर माहिती दरवर्षी ऑगस्टमध्ये मराठीतून द्यावी, कारण सप्टेंबर उजाडला की पालकांपुढे सह्यांचे कागद येऊ लागतात.

आपली नम्र,
एक पालक, कोथरूड, पुणे