प्रशिक्षकाला तीन शिमगे तरी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याची, म्हणजे सुपर बोलची बातमी चार ओळींत आली होती. सिअ‍ॅटल सीहॉक्स जिंकले, न्यू इंग्लंड पेट्रियट्स हरले. त्याच पानावर वरच्या बाजूला आमच्या तालुक्यातल्या कबड्डी स्पर्धेचा निकाल होता आणि पहिल्याच फेरीत बाद झालेल्यांत आमच्या वाडीच्या मंडळाचं नाव होतं. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं बोटीवर नोकरी केली, शेवटची चौदा वर्षं सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. आता कायमचा हर्णैला घरी आहे. अमेरिकन फुटबॉल मला कळण्याचं काही कारण नव्हतं. पण ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस आमची बोट पोलादाच्या कॉईल घेऊन सेंट लॉरेन्स नदीतून, एकेक लॉक (पाणी भरून बोट वर उचलणारा कप्पा) चढत, डेट्रॉइटला लागली. ३० तारीख, रविवार, धक्क्यावर काम बंद. खलाशांसाठी चालवलेलं एक घर असतं तिथे, त्यांची गाडी न्यायला आली. मी आणि डेकवरची दोन पोरं घरी फोन लावायला म्हणून गेलो. गाडी चालवणारे गृहस्थ सत्तरीचे. सगळं आयुष्य मोटारीच्या कारखान्यात गेलेलं, उजव्या करंगळीचं वरचं पेर प्रेसमध्ये गेलेलं. अंगात डेट्रॉइट लायन्सची निळी जर्सी. टीव्हीवर त्यांच्या संघाची मायामी डॉल्फिन्सशी मॅच लागली होती. मला काही समजत नाही हे पाहून त्यांनी टेबलावर साखरेच्या पुड्या मांडल्या, अकरा इकडे, अकरा तिकडे.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याच्या हातात. म्हणून तीन प्रयत्न वाया गेले की बहुतेक संघ चौथ्याला चेंडू लाथेने लांब उडवून देतात, किंवा जवळ पोचले असतील तर खांबांमधून मारून तीन गुण पदरात पाडून घेतात. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरोची. त्यांना ते लगेच पटलं. एकदा तर चेंडू अगदी रेषेवर अडला, तेव्हा बाजूची माणसं दोन काठ्यांमधली दहा यार्डांची साखळी घेऊन मैदानात आली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ताणून मोजणी केली. चार बोटं कमी पडली तरी कमीच. दोर आणि साखळ्या ओढण्यात माझा जन्म गेला, मला ते फार भावलं.

मध्यंतराला लायन्स २७-१७ पुढे होते. त्यानंतर त्यांना एकही गुण मिळाला नाही. ३१-२७ ने सामना गेला. सात सामन्यांतला सहावा पराभव. गृहस्थ काही बोलले नाहीत. एकेक पुडी उचलून बरणीत टाकत राहिले. मी विचारलं, आता कोच जाणार ना? ते म्हणाले, नाही. मालकीणबाईंनी याच आठवड्यात सांगितलंय, घाई नको, थांबा. आणि मी पण थांबणार आहे.

त्या थांबण्याची किंमत मला नंतर कळली. बोटीवर रात्री वेळ असतो, मी या संघाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. लायन्सनी शेवटचं अजिंक्यपद १९५७ मध्ये जिंकलं. सुपर बोल त्यानंतर सुरू झाला, त्यात हा संघ एकदाही पोचलेला नाही. १९५७ नंतर तोवर बाद फेरीतला एकच विजय, तो जानेवारी १९९२ मध्ये. २००८ च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने हरले. आणि प्रशिक्षक बदलण्यात या मंडळींनी कधी कंजुषी केली नव्हती. जिम काल्डवेल नावाचा प्रशिक्षक होता. २०१७ मध्ये त्याने नऊ सामने जिंकून सात हरले होते, म्हणजे हारण्यापेक्षा जिंकणं जास्त. त्यालाही काढलं, कारण म्हणे संघ पुढे जात नाही. त्याच्या जागी मॅट पॅट्रिशिया आला. पहिल्या वर्षी सहा विजय, दुसऱ्या वर्षी तीन, आणि तिसऱ्या वर्षी हंगाम संपायच्या आधीच त्याची गच्छंती झाली.

जानेवारी २०२१ मध्ये डॅन कॅम्बेल आला. हा माणूस स्वतः २००८ च्या त्या सगळे सामने हरलेल्या संघात होता. दुखापतीमुळे त्या वर्षी एकच सामना खेळला, पण त्या कपड्यांच्या खोलीत काय वास येतो ते त्याला ठाऊक होतं. पहिल्याच पत्रकार परिषदेत तो म्हणाला की आम्हाला कुणी खाली पाडलं तर उठता उठता त्याच्या गुडघ्याची वाटी चावून घेऊ. लोक हसले. आणि पहिला हंगाम? पहिल्या अकरा सामन्यांत विजय शून्य. दहा पराभव, एक बरोबरी. बाल्टिमोरविरुद्ध तर शेवटच्या सेकंदाला समोरच्याने ६६ यार्डांवरून मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आपटून आत पडला आणि सामना गेला. असा लांबचा फील्ड गोल तोवर कुणी मारला नव्हता. पहिला विजय ५ डिसेंबरला, मिनेसोटाविरुद्ध, तोही शेवटच्या चेंडूवर. हंगामाअखेर तीन विजय, तेरा पराभव, एक बरोबरी.

आमच्या मंडळाच्या हिशेबाने त्या माणसाचं सामान तिथेच बाहेर फेकलं असतं.

मालकीण शीला फोर्ड हॅम्प यांनी फेकलं नाही. त्यांनी आणि ब्रॅड होम्स या व्यवस्थापकाने त्याच्या हाताखाली पोरं जमवली. त्या लीगमध्ये जो संघ तळाला, त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत आधी नंबर मिळतो, हे खरं. पण नंबर मिळाला म्हणून माणूस ओळखता येतोच असं नाही. अ‍ॅमन-रा सेंट ब्राउन हा पोरगा ११२ व्या क्रमांकाला निवडला गेला, म्हणजे एकशे अकरा जण त्याच्या आधी गेले, आणि तोच पुढे संघाचा कणा झाला. जॅरेड गॉफ हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा गडी, तर लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी नको म्हणून देऊन टाकलेला. त्याच्या बदल्यात त्यांनी डेट्रॉइटचा मॅथ्यू स्टॅफर्ड नेला आणि त्याच हंगामात ते सुपर बोल जिंकले. गॉफच्या जागी मी असतो तर महिनाभर कुणाला तोंड दाखवलं नसतं.

मी पाहिलेल्या त्या पराभवानंतर उरलेल्या दहापैकी आठ सामने लायन्सनी जिंकले. शेवटचा सामना ग्रीन बेला होता. तो सुरू होण्याआधीच दुसऱ्या एका निकालामुळे त्यांची बाद फेरी हुकली होती. मिळवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी २०-१६ ने जिंकून आले. पुढच्या वर्षी बारा विजय, तीस वर्षांनी गटविजेतेपद. आणि १४ जानेवारी २०२४ ला बाद फेरीत त्यांच्याच मैदानावर समोर कोण, तर तोच स्टॅफर्ड आणि तेच रॅम्स. २४-२३. बत्तीस वर्षांनी बाद फेरीतला विजय. सगळं स्टेडियम गॉफच्या नावाने ओरडत होतं. मी तेव्हा अटलांटिकमध्ये होतो, मेसमध्ये नेट तुटत तुटत येत होतं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांची आठवण येऊन माझा गळा दाटून आला.

त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ पुढे असताना ते ३४-३१ ने हरले. उत्तरार्धात दोनदा कॅम्बेलने तीन गुण घ्यायचे सोडून चौथ्या प्रयत्नाला पुढे जायचा निर्णय घेतला, दोन्ही वेळा फसला. तीनच गुणांनी हार! सगळे तुटून पडले. त्याने खेळाडूंवर ढकललं नाही. निर्णय माझा, पुन्हा वेळ आली तरी तसाच घेईन, असा त्याचा सूर होता. पुढच्या हंगामात त्याच माणसाने सतरापैकी पंधरा सामने जिंकून दिले.

आता आमच्या वाडीचं सांगतो. कुणाचं नाव घेत नाही, घेण्याची गरज नाही.

२०२४ च्या शिमग्यात मंडळाने वाडीतल्याच एका मुलाला प्रशिक्षक केलं. विद्यापीठाकडून खेळलेला, गुडघा गेल्यामुळे खेळ सुटलेला. बर्फाच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून तो पहाटे साडेपाचला पोरांना पुळणीवर घेऊन यायचा. ओहोटीच्या ओल्या वाळूत पाचजण हात धरून साखळी करून धावायचे, वळायचे, मागे यायचे. साखळी तुटली की पुन्हा सुरुवातीपासून. डाव्या कॉर्नरला खेळणाऱ्या पोराला घोट्याची पकड जमत नव्हती. त्याच्यासाठी हा स्वतःच्या पायाला जुन्या जाळ्याचा दोर बांधून समोर नाचायचा आणि पोराने दोर धरायचा. दोर नाही, दोराच्या खालचा घोटा बघ, असं शंभरदा सांगायचा. मी फिरायला जायचो तेव्हा हे रोज बघायचो. सरावाला न येणाऱ्या आमच्या सगळ्यात नावाजलेल्या चढाईपटूला त्याने बाहेर बसवलं आणि दहावी-बारावीची पोरं उतरवली.

हरली पोरं. सात स्पर्धांत पहिल्या फेरीत बाद. आठव्या स्पर्धेत मात्र तीन संघ मारून पुढे गेली आणि उपांत्यपूर्व फेरीत एका गुणाने हरली. शेवटच्या मिनिटाला करो या मरोच्या चढाईला त्याने सतरा वर्षांच्या पोराला पाठवलं होतं. पोरगा बोनसच्या रेषेपर्यंत गेला आणि पकडला गेला.

२०२५ च्या शिमग्यात पालखी घरोघर फिरून सहाणेवर आल्यावर बैठक झाली. मुंबईहून आलेल्या मंडळींनी विचारलं, आम्ही वर्गणी कशाला देतो? आठ स्पर्धा आणि एक ढाल नाही? पंधरा मिनिटांत त्याला काढला. बाहेरगावचा एक प्रशिक्षक मानधन देऊन आणला, नावाजलेला चढाईपटू परत आला. निकाल आपल्याच पानावर आहे. त्या बैठकीत मी बसलो होतो. पुळणीवर रोज काय चालायचं ते मला ठाऊक होतं. आणि मी तोंड उघडलं नाही. वर्षभर ते मला डाचतंय.

माझा पुतण्या मला म्हणतो, काका, पेट्रियट्सचं बघा ना! त्यांनी पहिल्याच हंगामानंतर प्रशिक्षक काढला. चार विजय होते, नवा माइक व्रेबल आला आणि एका वर्षात चौदा विजय, थेट अंतिम सामना. बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण व्रेबल नवशिका नव्हता, टेनेसीच्या संघाचा सहा हंगाम मुख्य प्रशिक्षक राहिलेला. क्वार्टरबॅक ड्रेक मे संघात आधीपासून होता. आणि त्यांनी बाजारातून खेळाडू घेण्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. आपल्या मंडळाकडे काय आहे? दोन जुन्या मॅट आणि वाडीतली पोरं. ज्याला माणसं विकत आणता येत नाहीत त्याला ती घडवावी लागतात, आणि घडवायला वेळ लागतो. माझ्या वडिलांनी बोटीवर नवा तांडेल घेतला तेव्हा पहिली दिवाळी आमच्या घरात फार ओढीची गेली होती. त्याने जुनी जागा सोडून खोल पाण्यात जाळी टाकायला सुरुवात केली होती. वडिलांनी त्याला ठेवला. तो पुढे अकरा वर्षं आमच्याकडे होता.

कॅम्बेलच्या संघाची गाडीही सरळ वर गेलेली नाही. पंधरा विजयांच्या वर्षी पहिल्याच बाद सामन्यात वॉशिंग्टनकडून हरले. मग त्याचे आक्रमण आणि बचाव बघणारे दोन्ही मदतनीस दुसऱ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले. २०२५ च्या हंगामात नऊ विजय, आठ पराभव, बाद फेरी नाही. २०१७ साली काल्डवेलचेही नऊच विजय होते. त्याला काढलं होतं. कॅम्बेलला ठेवला आहे.

आमचा तो मुलगा रागाने कुठे निघून गेलेला नाही. अजून रात्रपाळी करतो, अजून पहाटे पुळणीवर असतो. सध्या त्याच्यापुढे सातवी-आठवीच्या नऊ मुली असतात, हात धरून साखळी करून धावणाऱ्या. त्याला कुणी मानधन देत नाही.

माझी मंडळाला जाहीर विनंती आहे की यंदाच्या बैठकीत त्याला परत बोलवावं, आणि बोलवताना तीन वर्षं काढणार नाही असं वहीत लिहून सह्या कराव्यात. नव्या मॅटसाठी माझ्याकडून पंचवीस हजार रुपये मी बैठकीतच ठेवीन. या वेळी मी बोलणार आहे. आपण हे पत्र शिमग्याआधी छापलंत तर उपकार होतील. मुंबईची मंडळी गाडीत बसण्याआधी त्यांच्या वाचनात यायला हवं.

आपला,
एक निवृत्त सारंग
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी