म्हातारे वाढले म्हणून चहाचा शेअर वाढतोच असं नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गुंतवणुकीचा जो सल्ला छापलात त्यावर लिहायलोय. भारत म्हातारा व्हायलाय, म्हाताऱ्याला कोल्ड्रिंक सोसत नाही, त्याला चहा न् तब्येतीचं काहीतरी लागतंय, म्हणून कोल्ड्रिंक-बिअरचे शेअर विका आणि चहावाले, हेल्थ ड्रिंकवाले घ्या. ऐकायला एकदम पटतंय, आमच्याकडं लातुरात लोक ते पान एकमेकाला व्हॉट्सॲपवर पाठवायलेत, म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्यात.

म्हातारे वाढायलेत हे खरंच आहे. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे साधारण 10 कोटी होते, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा 2023 चा अहवाल म्हणतोय की 2050 पर्यंत 34 कोटींच्या पुढं जातील, म्हणजे पाचात एक. पण साहेब, हे मुंबईच्या फंडवाल्यांना कधीचंच माहितीये, आणि जे सगळ्या बाजाराला माहितीये ते भावात आधीच धरलेलं असतंय. लेखात एका बी कंपनीचा पीई, म्हणजे शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, नाही, कर्ज नाही, नफा नाही. कुठं आहे, काय भाव आहे ते न सांगताच प्लॉट घ्या म्हणल्यासारखं झालं हे. कोका-कोलाचा शेअर 1998 मध्ये वर असताना ज्यानं घेतला त्याला तो भाव परत दिसायला दहा वर्षांहून जास्त लागले, आणि तेवढ्या काळात जगानं कोला प्यायचं काय सोडलं नव्हतं.

खरी गडबड वेगळीच आहे. आज साठीत असलेला माणूस चहा पितोय ते साठी झाली म्हणून नाही, तो विशीत असताना बी चहाच पित होता. 1977 ला कोका-कोला देशातून गेली ती 1993 ला परत आली, त्याचं तरुणपण त्यातच गेलं, थम्सअप होतं म्हणा पण खेड्यात फ्रीज कुठं होता. आता आजचं पंचविशीतलं पोरगं, जे दिवसाला एनर्जी ड्रिंकची बाटली संपवतंय, ते 2060 ला साठीचं होईल तेव्हा सुंठीचा काढाच मागेल हे कशावरून ठरवलं? आणि डॉक्टरनं साखर बंद केली तरी झीरो शुगरवालं मिळतंयच की, ते विकणारी कंपनी तीच कोका-कोला, किनले पाणी बी तिचंच न् ‘माझा’ नावाचं आंब्याचं कोल्ड्रिंक बी तिचंच. जपानचं बघा, तिथं 65 च्या पुढचे 29 टक्क्यांच्या आसपास आहेत, पण 2022 मध्ये तिथल्या टॅक्स खात्यानं दारूचा खप वाढवायला आयडिया मागवल्या त्या वीस ते एकोणचाळीस वयाच्या लोकांकडून, कारण प्यायचं तरुणांनीच कमी केलंय. मग निव्वळ वयावरून आवड कशी काय सांगणार?

आणि आवड कळली तरी नफा कळत नाही. संभाजीनगरला वाळूज, चिकलठाण्याकडं बिअरचे कारखाने आहेत, 2016 च्या दुष्काळात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारू कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत तोडायला लावलं, त्याच उन्हाळ्यात आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलो. पिणारे कमी झाले नव्हते, पाणीच नव्हतं. जून 2025 मध्ये राज्य सरकारनं विदेशी दारूवरचा उत्पादन शुल्क वाढवला तर दारू कंपन्यांचे शेअर लगेच आपटले, त्यात कुणाच्या वयाचा काय संबंध? चहाचं बी तसंच, देशात पिकतो त्यातला बहुतेक चहा आपणच पितो पण मळेवाल्या कंपनीचा नफा पाऊस, मजुरी न् लिलावातला भाव ठरवतोय. त्यात आमच्याकडचे म्हातारे पारावर बसून जो चहा पितात तो खुल्या पत्तीचा, दूध गवळ्याचं, उन्हाळ्यात ताक नाहीतर उसाचा रस, यातलं शेअर बाजारात लिस्ट काय आहे सांगा.

लेखाचा दुसरा भाग येत्या रविवारी आहे म्हणे. त्याच्या खाली सल्लागाराची सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी आहे का, असली तर नंबर, आणि सांगितलेले शेअर त्यांच्याकडं आधीपासून आहेत का, एवढं छापा. रिटायरमेंटचा पैसा हातात आलेली बरीच मंडळी तुमचा पेपर वाचतात.

आपला एक वाचक,
औसा रोड, लातूर